मसुद्यातला आवाज

आकाशवाणीवर एखादे भावगीत लागण्यापूर्वी निवेदक बहुधा तीन नावे सांगतात : गीतकाराचे, संगीतकाराचे आणि गायकाचे. ही कामाची वाटणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामुळे काही हरवत असेल अशी शंकाही मनाला शिवत नाही. सरकारी कचेरीत ज्यांची वर्षे सरली, त्यांना तर तिचे मुळीच नवल वाटू नये. तेथेही मसुदा एकाचा असतो आणि खाली सही दुसऱ्याची असते. मसुदा लिहिणाराच एके दिवशी पुढे आला आणि स्वतःच्या नावाने बोलू लागला, असे मात्र क्वचित घडते. ते घडले म्हणजे काय होते, याचा एक बोलका दाखला अमेरिकेतील लोकप्रिय संगीताच्या इतिहासात आहे. तो म्हणजे कॅरोल किंग ह्यांची 'टॅपेस्ट्री' ही १९७१ साली निघालेली दुसरी लाँग-प्ले तबकडी.

किंग ह्यांचा जन्म १९४२ सालचा, न्यूयॉर्कमधला. १९५९ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांचा विवाह गेरी गॉफिन ह्यांच्याशी झाला. गॉफिन शब्द लिहीत आणि किंग चाली बांधीत. ब्रॉडवे रस्त्यावरील १६५० क्रमांकाच्या इमारतीत गीतांचा धंदा करणाऱ्या एका कंपनीसाठी हे दांपत्य काम करी. लहान लहान खोल्या, प्रत्येकीत एक पियानो, आणि शेजारच्या खोलीत दुसरी जोडी त्याच गायकासाठी दुसरे गीत रचीत बसलेली, असा तो कारखाना होता. तेथे गीत तयार झाले की त्याचे एक साधे, कच्चे ध्वनिमुद्रण करीत. त्याला 'डेमो' म्हणत. गायकाला व निर्मात्याला चाल कळावी, एवढाच त्याचा उपयोग. अशा कितीतरी डेमोंवर किंग स्वतः पियानो वाजवून गात. मात्र तो आवाज बाजारात जाण्यासाठी नव्हता. इतरांनी कसे गावे हे दाखवण्यापुरताच तो होता.

ह्या जोडीने १९६० साली लिहिलेले 'विल यू लव्ह मी टुमारो' हे गीत 'शिरेल्स' ह्या कृष्णवर्णीय तरुणींच्या वृंदाने गायिले. १९६१ च्या आरंभी ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. पुढे अरेथा फ्रँकलिन ह्यांनी १९६७ साली गायिलेले 'अ नॅचरल वुमन' हेही ह्याच जोडीचे. त्याच्या श्रेयात निर्माते जेरी वेक्स्लर ह्यांचाही वाटा आहे. मध्यंतरी काळ पालटत होता. बॉब डिलन आणि बीटल्स ह्यांच्या उदयानंतर, गाणाऱ्याने स्वतःचे गीत स्वतः रचावे असा दंडक रूढ होत गेला आणि ब्रॉडवेवरील गीतांच्या कारखान्यांना उतरती कळा लागली. गंमत अशी की, त्याच बीटल्सनी १९६३ च्या आपल्या पहिल्या तबकडीवर गॉफिन-किंग ह्यांचे एक गीत आवडीने घेतले होते.

विवाहसंबंध तुटल्यावर किंग दोन मुलींना घेऊन १९६८ च्या सुमारास लॉस एंजेलिसला आल्या. तेथे त्यांनी प्रथम एका छोट्या वृंदात गायन केले. परंतु रंगमंचाची भीती त्यांना सोडीना. १९७० साली 'रायटर' ही त्यांची स्वतःच्या नावाची पहिली तबकडी निघाली. तिच्या शीर्षकाचा अर्थच 'लेखक' असा होता. ती फारशी चालली नाही. नंतर वर्षभरातच आलेली 'टॅपेस्ट्री' मात्र १९७१ च्या जूनपासून सलग पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. तेव्हा प्रश्न उभा राहतो तो असा : चाली तिच्याच, कंठ तोच, गिटारवर जेम्स टेलर आणि डॅनी कॉर्चमार हेही तेच. मग एका वर्षात बदलले काय?

माझ्या मते बदल दोन झाले. पहिला शब्दांचा. 'रायटर'वरील बहुतेक गीतांचे शब्द गॉफिन ह्यांचे होते. 'टॅपेस्ट्री'वरील बारा गीतांपैकी सात गीतांचे शब्द आणि चाल ही दोन्ही एकट्या किंग ह्यांची आहेत. आणखी दोन गीतांना टोनी स्टर्न ह्यांनी शब्द दिले. त्यांतलेच एक 'इट्स टू लेट'. संपलेल्या नात्याचा निरोप येथे स्त्री घेते, आणि तोही आकांत न करता. उरलेली तीन गीते जुन्या जोडीची.

दुसरा बदल ध्वनीचा. निर्माते लू ॲडलर हे पूर्वी त्याच गीतकंपनीचे पश्चिम किनाऱ्यावरील काम पाहत असत; किंग ह्यांचे डेमो त्यांनी आवडीने ऐकलेले होते. त्या कच्च्या मुद्रणांतला जिव्हाळा त्यांना तबकडीत हवा होता. म्हणून वाद्यमेळ मोजका ठेवला, पियानो पुढे आणला, आणि आवाजावर रोगण चढवले नाही. जे एरवी गाळून टाकायचे, तेच येथे अंतिम ठरले.

याची खरी कसोटी त्या जुन्या गीतांत दिसते. 'विल यू लव्ह मी टुमारो' येथे संथ लयीत येते. अठराव्या वर्षी रचलेला, तरुणींच्या तोंडी घातलेला तो प्रश्न आता जवळजवळ एकोणतीस वर्षांची, संसाराचा शेवट पाहिलेली स्त्री विचारते. चाल तीच, शब्दही तेच. पण पूर्वी ज्यात उत्तराची आशा होती, त्यात आता उत्तर ठाऊक असल्याचा भाव आहे. अरेथा फ्रँकलिन ह्यांच्या कंठाचे सामर्थ्य किंग ह्यांच्यापाशी नव्हते, आणि त्यांनी तो आव आणलाही नाही. म्हणून ह्या गायनाने मूळ गायिकांचा अधिकार उणा होत नाही. उत्तम सहीने मसुद्याला वजन येते हे खरेच. परंतु मसुदा लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते, हे त्याच्याच तोंडून ऐकण्याचे मोल निराळे असते.

१९७२ साली ह्या तबकडीला व तिच्यातील गीतांना मिळून किंग ह्यांना चार ग्रॅमी पुरस्कार लाभले. वर्षातील सर्वोत्तम गीतरचनेचा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्या समारंभाला त्या गेल्या नाहीत. घरी तान्हे मूल होते.

कलेच्या दप्तरात मात्र ही नोंद सावकाश झाली. अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम' ह्या संस्थेने १९९० साली गॉफिन ह्यांच्यासह त्यांना गीतरचनाकार म्हणून स्थान दिले. गायिका म्हणून तोच मान त्यांना २०२१ साली मिळाला. दोन नोंदींमध्ये एकतीस वर्षांचे अंतर पडले. श्रोत्यांनी ही दोन्ही खाती १९७१ सालीच एकत्र केली होती.