कलावाओचा पहिला आठवडा

२९ जुलै १८८६. आगबोट किनाऱ्यापासून दूरच थांबते आणि तुम्हाला लाटांवर हेलकावणाऱ्या होडीत उतरवलं जातं. समोर मोलोकाई बेटाचा उत्तर किनारा. सहाशे मीटरहून उंच, सरळसोट कडा आणि त्याच्या पायथ्याशी समुद्रात शिरलेली सपाट जमीन. हवाईच्या राज्याने १८६५ साली महारोग्यांना समाजातून वेगळं काढायचा कायदा केला, तेव्हा हीच जागा ठरली. तीन बाजूंना पाणी, चौथ्या बाजूला कडा. पळून जाणार कुठे? इथे उतरणाऱ्या बहुतेकांना धरून आणलेलं असतं. तुम्ही आपणहून आला आहात. तुमच्या शेजारी बसलेला अमेरिकन, यादवी युद्धात लढून आलेला त्रेचाळीस वर्षांचा जोसेफ डटन, तोही आपणहूनच आलाय.

कलाउपापाच्या धक्क्यावर कलावाओच्या वस्तीचे पाद्री, फादर डेमियन, घोडागाडी घेऊन उभे आहेत. चेहरा जाडावलेला, कानाच्या पाळ्या सुजलेल्या. तेरा वर्षांपूर्वी ते आले तेव्हा त्यांना घरसुद्धा नव्हतं. देवळाशेजारच्या केवड्याच्या जातीच्या झाडाखाली त्यांनी सुरुवातीच्या रात्री काढल्या. मग घरं बांधली, डोंगरातून नळाने पाणी आणलं, शवपेट्या केल्या, कबरी खणल्या. आता ते स्वतः रोगी आहेत, आणि वस्तीतल्या कामाला त्यांना हातांची गरज आहे.

तुमच्या डोक्यात पुढच्या काळातलं ज्ञान आहे. शंभरातल्या पंच्याण्णव माणसांना हा रोग होतच नाही, हे तुम्ही वाचलंय. नॉर्वेत हॅन्सनने १८७३ सालीच, म्हणजे डेमियन इथे आले त्याच वर्षी, याचा जंतू शोधलाय. त्यावरचं खरं औषध मात्र १९४० नंतर येणार. डटन इथे चव्वेचाळीस वर्षं राहील आणि त्याला काहीही होणार नाही. डेमियन अजून तीन वर्षांच्या आत जातील. हे सगळं ठाऊक असूनही पहिला माणूस हात पुढे करतो, त्याची झिजलेली बोटं दिसतात आणि तुमचा हात आखडतो. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. पावसात कुडकुडत पडलेल्या तुळशीराम नावाच्या महारोग्याला पाहून बाबा आमटेही आधी मागेच फिरले होते. आपण भ्यालो, हेच त्यांना सहन झालं नाही आणि तिथून त्यांचं काम सुरू झालं. डेमियन आणि डटन या दोघांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार १९८३ साली आमट्यांना मिळाला, तो अगदी योग्य हातांत गेला.

म्हणून पहिल्या आठवड्यात रुळायचं म्हणजे हात आखडू न देणं, एवढंच. जेवायला पोई असते: शिजवून कुटलेल्या अळकुड्यांचा करडा, चिकट लगदा. सगळे एकाच भांड्यात बोटं बुडवतात. डेमियन पहिल्यापासून तसेच जेवले. रविवारी देवळात जमिनीच्या फळ्यांना पाडलेली चौकोनी भोकं दिसतील. लाळ आवरत नाही अशा रोग्यांना लाजून बाहेर बसावं लागू नये, भोकातून खाली थुंकता यावं, म्हणून ती डेमियननी पाडलीत. इतका बारीक विचार करून केलेली दुसरी सोय मला कुठल्याही देवळात माहीत नाही.

पण काम शिकायचं ते फादरांकडून नव्हे, कोकुआंकडून. रोग झालेल्या नवऱ्याबरोबर, बायकोबरोबर, मुलाबरोबर इथे येऊन राहिलेली ही धडधाकट हवाईयन माणसं. पहिले रोगी जानेवारी १८६६ मध्ये उतरवले गेले. डेमियन यायच्या कितीतरी आधीपासून इथली शुश्रूषा अशाच आप्तांनी केलीय. जगाने परदेशातून आलेल्यांचे पुतळे उभारले, संतपद दिलं. यांची नावं मात्र फारशी कोणी सांगत नाही, आणि हे मला फार खुपतं.

जखमा धुवायच्या वेळी एक प्रौढ कोकुआ बाई तुमच्या हातातलं गरम पाण्याचं भांडं अडवते. भाषा कळत नाही, पण ती स्वतःचं कोपर पाण्यात बुडवून दाखवते. रोग्याच्या पायाला चटका कळत नाही, त्यामुळे पाणी किती गरम आहे ते आपणच पाहायचं. डेमियनना आपला रोग कळला तो असाच, १८८४ च्या अखेरीस: पाय कढत पाण्यात पडला, कातडी भाजली आणि दुखलं मात्र काहीच नाही. तुम्ही कोपर बुडवून पाहता. पाणी फार गरम आहे. ती गार पाणी ओतते, तुम्हाला पुन्हा कोपर बुडवायला लावते आणि मगच रोग्याचा पाय तुमच्या मांडीवर ठेवते.