अंड्याचे पर्याय

अंड्यातले पोषण किंवा त्याचे स्वयंपाकातले काम अंड्याविना भागवणारे पदार्थ. सोलापूर जिल्ह्यात यासाठी नवे काही शोधावे लागत नाही. हरभरा आणि ज्वारी ही इथली रब्बीची पिकेच.

सर्वांत परिचित पर्याय म्हणजे टोमॅटो ऑम्लेट. नाव ऑम्लेटचे, पण आत बेसन, थोडे तांदळाचे पीठ, कांदा, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर. खरे तर हे धिरडेच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, ५ ग्रॅम स्निग्धांश आणि ७० ते ७५ कॅलरी असतात. ३० ग्रॅम बेसनात प्रथिने जवळपास तेवढीच, कॅलरी मात्र दीडपट. कोलेस्टेरॉल नाही, आणि अंड्यात मुळीच नसणारे तंतू मिळतात. बेसनात गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी पडतात, ज्वारीत लायसिन. पिठले-भाकरीत एकाची उणीव दुसरे भरून काढते. ब१२ मात्र दोन्हींत नाही. ते दूध-दह्यातूनच घ्यावे लागते. कोलीनच्या बाबतीतही अंड्याची बरोबरी होत नाही.

बेकरीत प्रश्न पोषणाचा नसून घडणीचा असतो. केक फुगवायला दह्याचा आंबटपणा आणि खाण्याचा सोडा पुरतो. मिश्रण बांधून ठेवायला चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवली की बुळबुळीत होते आणि एका अंड्याचे काम करते. अंड्याचा वासच हवा असेल तर पादेलोण. त्यातल्या गंधकामुळे तो येतो. भारतीय नियमांत अंडे मांसाहारात मोडते, म्हणून ‘एगलेस’ केकच्या वेष्टनावर हिरवी खूण असते.

शालेय पोषण आहारात नोव्हेंबर २०२३च्या शासननिर्णयाने आठवड्यातून एकदा अंडे आले आणि ते न खाणाऱ्या मुलांसाठी केळे. केळ्यात प्रथिने जेमतेम १ ग्रॅम, त्यामुळे याला पर्याय म्हणणे धाडसाचे. २५ ग्रॅम भाजक्या शेंगदाण्यांत ती ६ ग्रॅम भरतात, आणि शेंगाचटणीच्या सोलापूरला शेंगदाण्यांची ओळख करून द्यायला नको. जानेवारी २०२५मध्ये राज्य सरकारने अंड्यांसाठीचा निधीच थांबवला. इच्छुक शाळांनी लोकसहभागातून खर्च उभारावा, असे ठरले.