खासगी पार्किंग-आकाराचा दावा व त्यातील बचाव

इंग्लंड व वेल्समध्ये सुपरमार्केटची आवारे, इस्पितळे, निवासी संकुले अशा खासगी जागांवरील वाहनतळ चालवणारी कंपनी, तेथील फलकावर लिहिलेल्या अटींचा भंग झाला या कारणावरून वाहनचालकाकडे जी रक्कम मागते, तिला ‘पार्किंग चार्ज’ म्हणतात. ती न भरल्यास कंपनी काउंटी न्यायालयात पैशाचा दावा लावते, आणि त्या दाव्याला प्रतिवादीने कायद्याच्या आधारे द्यावयाचे उत्तर म्हणजे येथे अभिप्रेत असलेला बचाव होय. ही रक्कम दंड नव्हे. स्थानिक परिषद रस्त्यावरील पार्किंगसाठी जी ‘पेनल्टी चार्ज नोटीस’ देते तिला २००४ च्या वाहतूक व्यवस्थापन कायद्याचा आधार असतो, तर खासगी कंपनीच्या ‘पार्किंग चार्ज नोटीस’मागे केवळ कराराचा कायदा उभा असतो. दोन्हींची आद्याक्षरे ‘पीसीएन’ अशीच होतात, आणि हा योगायोग कंपन्यांना गैरसोयीचा वाटत असावा असे म्हणवत नाही. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड येथील कायदा वेगळा असल्याने पुढील विवेचन तेथे लागू होत नाही.

या दाव्यांचे आजचे रूप २०१२ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट’ या कायद्याने घडवले. खासगी जागेत उभ्या गाडीच्या चाकाला लोखंडी अडकण, म्हणजे क्लॅम्प, लावून पैसे वसूल करण्याची पद्धत या कायद्याने १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड व वेल्समध्ये बंद केली. स्कॉटलंडमध्ये ती १९९२ मध्येच एका न्यायनिर्णयाने बेकायदा ठरली होती. क्लॅम्प गेला, पण त्याच्या मोबदल्यात वाहनतळ-व्यवसायाला याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातून ‘धारकाचे दायित्व’ मिळाले. करार होतो तो गाडी उभी करणाऱ्या चालकाशी, आणि कंपनीच्या कॅमेऱ्याला दिसते ती केवळ गाडीची पाटी. म्हणून चालक कोण हे ठाऊक नसल्यास, विहित अटी पाळून, गाडीच्या धारकाकडूनच रक्कम वसूल करण्याची मुभा कंपनीला देण्यात आली. नोंदणीकृत धारकाचे नाव व पत्ता वाहन परवाना खात्याकडून, म्हणजे डीव्हीएलएकडून, मिळतो. त्यासाठी कंपनी मान्यताप्राप्त व्यवसायसंघाची सदस्य असावी लागते, आणि या माहितीसाठी बराच काळ दर विचारणेमागे अडीच पौंड शुल्क आकारले जात आले.

धारकाचे हे दायित्व आपोआप उत्पन्न होत नाही, हे बचावाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होय. गाडीवर किंवा चालकाच्या हाती जागीच नोटीस दिलेली नसेल, तर धारकाला पाठवलेली नोटीस पार्किंग संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजून १४ दिवसांच्या आत पोहोचावी लागते, आणि टपालाने पाठवलेली नोटीस पाठवल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोहोचली असे गृहीत धरले जाते. जागीच नोटीस दिलेली असल्यास धारकाला नोटीस पोहोचवण्याची मुदत त्यानंतरचे २८ दिवस संपल्यावर पुढील २८ दिवसांची असते. शिवाय नोटिशीत पार्किंगचा कालावधी आणि कायद्याने सांगितलेला इतर मजकूर असावा लागतो. विमानतळ व रेल्वे यांच्या ज्या जमिनींवरील पार्किंगचे नियमन उपविधींनी होते, त्या या परिशिष्टाच्या कक्षेतच येत नाहीत. यांपैकी एखादी अट चुकली की दायित्व धारकावर सरकत नाही, आणि कंपनीला प्रतिवादी स्वतःच गाडी चालवत होता हे सिद्ध करावे लागते. चालकाचे नाव सांगण्याचे बंधन धारकावर नाही, आणि धारक म्हणजेच चालक असा निष्कर्ष केवळ नोंदणीवरून काढता येत नाही, असे २०२३ मध्ये टीसाइड येथील एका अपिलात सर्किट न्यायाधीशांनी म्हटले. अर्थात अशा स्तरावरील निर्णय अन्य न्यायाधीशांना मार्गदर्शक असतात, बंधनकारक नसतात. मौन आणि खोटे यांतील रेषा मात्र येथे काटेकोरपणे पाळावी लागते, कारण कैफियतीखाली, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराखाली, सत्यकथनाची सही असते आणि जाणूनबुजून केलेले असत्य विधान न्यायालयाच्या अवमानात मोडू शकते.

बचावाचा दुसरा आधार करार झालाच काय, हा होय. फलक हा प्रस्ताव आणि गाडी उभी करणे ही त्याची स्वीकृती मानली जाते, तेव्हा फलक दिसण्याजोगा, वाचता येण्याजोगा आणि रकमेबाबत स्पष्ट असला पाहिजे. १९७१ च्या थॉर्नटन विरुद्ध शू लेन पार्किंग या खटल्यात अपील न्यायालयाने ठरवले की यंत्रातून तिकीट बाहेर पडल्यानंतर कळणारी अट करारात शिरू शकत नाही, आणि जितकी अट कठोर तितकी ती ठळकपणे निदर्शनास आणून दिली पाहिजे. २००० मधील व्हाइन विरुद्ध वॉल्थम फॉरेस्ट या क्लॅम्पच्या प्रकरणात शेजारी उभ्या असलेल्या रेंज रोव्हरमुळे फलक झाकला गेला होता, आणि वादी स्त्रीने तो पाहिलाच नव्हता हे मान्य होऊन निकाल तिच्या बाजूने लागला. म्हणूनच रात्रीच्या उजेडात, चालकाच्या आसनावरून घेतलेले फलकाचे छायाचित्र पानभर युक्तिवादापेक्षा अधिक काम करते. ‘येथे गाडी उभी करू नये’ एवढेच सांगणारा फलक हा मनाई असतो, प्रस्ताव नव्हे. तेथे झालेच तर अतिक्रमण होते, आणि त्याची भरपाई मागण्याचा हक्क सामान्यतः जमिनीच्या कब्जेदाराचा असतो. जमीनमालकाशी असलेला करारनामा दाखवण्याची मागणी कंपनीकडे केली जाते तीही याच कारणाने.

रक्कम अवाजवी आहे, हा लोकांना सर्वप्रथम सुचणारा बचाव मात्र आता जवळजवळ निरुपयोगी झाला आहे. चेम्सफर्डच्या रिव्हरसाइड रिटेल पार्कमध्ये दोन तास विनामूल्य होते. तेथे बॅरी बेव्हिस यांची गाडी एप्रिल २०१३ मध्ये ५६ मिनिटे अधिक थांबली आणि कंपनीने ८५ पौंड मागितले. कंपनीचे ५६ मिनिटांत काहीच नुकसान झाले नव्हते, आणि १९१५ च्या डनलॉप खटल्यापासून चालत आलेल्या तत्त्वानुसार नुकसानीच्या पूर्वअंदाजाशी संबंध नसलेली रक्कम शास्ती म्हणून रद्द व्हावी, असा त्यांचा मुद्दा होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी तो फेटाळला: गिऱ्हाइकांची ये-जा चालू राहावी यात कंपनीला व जमीनमालकाला रास्त स्वारस्य आहे, आणि त्याच्या मानाने रक्कम बेसुमार नाही. ग्राहक-कराराच्या मुद्द्यावर न्यायमूर्ती टूल्सन यांनी वेगळे मत नोंदवले. याउलट भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७४ मध्ये करारात लिहिलेली रक्कम ही केवळ कमाल मर्यादा ठरते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई देते. हा फरक ध्यानात न घेतल्यास मराठी वाचकाला बेव्हिस निकाल आहे त्याहून विचित्र वाटण्याचा संभव आहे. त्या निकालाला सुस्पष्ट व भरपूर फलकांचा आधार होता, म्हणून फलकच अपुरे असलेल्या प्रकरणात तो कंपनीच्याच विरुद्ध वापरता येतो.

ज्याला ‘स्मॉल क्लेम्स कोर्ट’ म्हटले जाते ते मुंबईच्या लघुवाद न्यायालयासारखे स्वतंत्र न्यायालय नसून, साधारणतः दहा हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी काउंटी न्यायालयातच आखलेली सुटसुटीत कार्यपद्धती आहे. दाव्यापूर्वीच्या पत्राला उत्तर देण्यास ३० दिवस मिळतात. त्यानंतर नॉर्थॅम्प्टन येथील केंद्रातून दाव्याचा अर्ज निघतो, निघाल्यापासून पाचव्या दिवशी तो बजावला गेला असे मानले जाते, आणि तेथून १४ दिवसांत दावा मिळाल्याची पोच किंवा कैफियत द्यावी लागते. पोच दिल्यास कैफियतीची मुदत २८ दिवसांची होते. उत्तम बचाव असलेली प्रकरणेही येथेच बुडतात. मुदत चुकली की एकतर्फी निकाल लागतो, आणि महिन्याच्या आत पूर्ण रक्कम न भरल्यास तो नोंदवहीत सहा वर्षे राहून कर्ज व भाड्याचे घर मिळवणे अवघड करतो. घर बदलून डीव्हीएलएला न कळवलेल्या धारकाला दाव्याचा पत्ताच लागत नाही. तो पुढे निकाल रद्द करण्याचा अर्ज करू शकतो, पण त्याला शुल्क पडते.

कैफियत दाखल झाल्यावर प्रश्नावली भरावी लागते, मे २०२४ पासून अशा पैशाच्या दाव्यांत दूरध्वनीवरील विनामूल्य मध्यस्थी बंधनकारक आहे, आणि तडजोड न झाल्यास प्रकरण प्रतिवादी व्यक्तीच्या जवळच्या न्यायालयात जिल्हा न्यायाधीशापुढे जाते. सुनावणीपूर्वी, बहुधा १४ दिवस आधी, साक्षीचे लेखी निवेदन व छायाचित्रे द्यावी लागतात. वकील नसला तरी चालते, आणि हरणाऱ्याला दुसऱ्या पक्षाचा पूर्ण वकीलखर्च सहसा द्यावा लागत नाही; अपवाद गैरवाजवी वर्तनाचा.

सर्वांत अस्वस्थ करणारा भाग वाढीव रकमेचा आहे. शंभर पौंडांच्या आकारावर ‘वसुली खर्च’ म्हणून साठ-सत्तर पौंड चढवले जातात, आणि ३०० पौंडांपर्यंतच्या दाव्याचे ३५ पौंड शुल्क व वकिलाचे ठरीव ५० पौंड मिळून मागणी अडीचशेच्या घरात जाते. चौथ्या परिशिष्टानुसार धारकाकडून वसूल होणारी कमाल रक्कम म्हणजे त्याला पाठवलेल्या नोटिशीत दाखवलेली रक्कम, त्यामुळे धारक म्हणून दावा लावला असल्यास या वाढीला थेट हरकत घेता येते. चालकाबाबत प्रश्न तितका सरळ नाही, आणि निरनिराळ्या न्यायाधीशांनी तो निरनिराळ्या रीतीने सोडवला आहे. खासगी पार्किंगच्या आचारसंहितेविषयीच्या २०१९ च्या कायद्याखाली फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी आचारसंहितेने असे वाढीव शुल्क बंद करायचे ठरवले होते. कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिल्यावर जून २०२२ मध्ये ती मागे घेण्यात आली. जून २०२४ मध्ये मान्यताप्राप्त असलेल्या दोन व्यवसायसंघांनी स्वतःची संयुक्त संहिता आणली, आणि सरकारने जुलै २०२५ मध्ये या प्रश्नावर जनतेची मते नव्याने मागवली.