कोटणीसांच्या नावाची सुई

पंजाबातील लुधियाना शहरात ॲक्युपंक्चरचे एक रुग्णालय आहे. त्याला नाव दिले आहे ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे. चीनमध्ये देह ठेवलेला मराठी डॉक्टर आणि चिनी सुयांचा उपचार, ही जोडी इतकी चपखल वाटते की ही विद्या भारतात कोटणीसांनीच आणली असावी, असा तर्क सहज होतो. तो चुकीचा आहे. कोटणीस चीनहून परतलेच नाहीत. मग ही सुई आली कशी?

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे तत्कालीन अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले : प्रमुख डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे कोटणीस, आणि कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी व डॉ. बिजॉयकुमार बसू. यांतले बसू हे नाव ध्यानात ठेवा.

१ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने मुंबई सोडली. दक्षिणेकडे उतरणाऱ्या या वाटेवर मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा डाव्या हाताला, क्षितिजापलीकडे राहतो. कोटणीसांना आपल्या भूमीचे त्यानंतर पुन्हा दर्शन झाले नाही. वडिलांच्या निधनाची वार्ता त्यांना चीनमध्येच कळली. तरीही ते परतले नाहीत.

पथकातील प्रत्येकाच्या चिनी नावाला ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. कोटणीस झाले ‘के दिहुआ’, बसू झाले ‘बा सुहुआ’. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. काही काळाने इतर तिघे मायदेशी परतले. कोटणीस आणि बसू मागे राहिले.

कोटणीस हे शल्यविशारद होते. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात पाश्चात्त्य वैद्यकाचे शिक्षण घेतलेला हा तरुण आघाडीवर गोळ्या काढीत होता, सडलेले अवयव छाटीत होता. १९४० च्या एका लढाईत सलग ७२ तास न झोपता त्यांनी शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने, अवघ्या ३२ व्या वर्षी, हपै प्रांतातील एका खेड्यात त्यांचे निधन झाले. पत्नी क्वो चिंगलान यांच्या कुशीत तेव्हा चार महिन्यांहूनही लहान मुलगा होता.

आता त्या सुयांकडे वळू, कारण गंमत इथेच आहे. आपण समजतो तशी ही विद्या त्या काळच्या चीनमध्ये सन्मानाने नांदत नव्हती. १८२२ मध्ये छिंग सम्राटाने राजवैद्यकीय संस्थेतून सुईचा उपचार वगळला होता. १९२९ मध्ये तर क्वोमिंतांग शासनाने एकूण देशी वैद्यकच मोडीत काढण्याचा घाट घातला. वैद्यांच्या जोरदार विरोधामुळे तो फसला. मूळ चिनी शब्द ‘झेनजिउ’. त्यात ‘झेन’ म्हणजे सुई आणि ‘जिउ’ म्हणजे दवण्याच्या कुळातील वनस्पतीची वात जाळून बिंदूंना दिलेला शेक. जोडीला पेले लावून रक्त ओढण्याचा उपचार असतो. तो आपल्याकडच्या तुंबडीचा सख्खा भाऊ शोभेल. डाग आणि तुंबडी ठाऊक असलेल्या कोकणातील आजीला त्यात फारसे नवल वाटले नसते.

युद्धकाळात औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा येनानमधील शल्यविशारदांनी जुन्या वैद्यांकडून सुई शिकायला आरंभ केला. एप्रिल १९४५ मध्ये येनानच्या बेथून रुग्णालयात ॲक्युपंक्चर विभाग सुरू झाला. कोटणीसांना जाऊन तोवर दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि बसूही १९४३ मध्येच भारतात परतले होते. दोघांच्याही युद्धकाळातील कामाशी या विभागाचा संबंध नाही.

सुई भारतात आणली ती बसूंनी, आणि तीही पुष्कळ उशिरा. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ मध्ये कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केले. पुढे अवघ्या तीन वर्षांत चीनशी युद्ध झाले. चीनचे नाव घेणेही जड व्हावे अशा त्या दिवसांत एका चिनी उपचाराचा दिवा तेवत ठेवणे किती अवघड असेल, याची कल्पना करता येते. अमेरिकेचे कुतूहल जागे झाले ते जुलै १९७१ मध्ये, पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झालेल्या जेम्स रेस्टन या पत्रकाराने न्यू यॉर्क टाइम्समध्ये आपला अनुभव लिहिला तेव्हा. कलकत्ता त्याच्या बारा वर्षे पुढे होते!

बसू आणि त्यांचे सहकारी कोटणीस स्मृती समितीचे काम करीत. या समितीच्या कार्यकर्त्यांनी ॲक्युपंक्चरचा प्रसार केला आणि त्यामुळे दिवंगत मित्राचे नाव सुईला चिकटले. माझ्या मते ही चूक नव्हे, मैत्री होती. पण तिच्या सावलीत बसू झाकले गेले. कोटणीसांवर १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांचा चित्रपट आला, दोन्ही देशांनी त्यांची टपाल तिकिटे काढली. बसूंचे नाव मात्र महाराष्ट्रात किती जणांना ठाऊक आहे?

उपचाराच्या गुणाविषयी एक खुलासा. जुनाट दुखण्यांत त्याचा काहींना उपयोग होतो, असे अभ्यास सांगतात. मात्र ज्या ‘छी’च्या वाहिन्यांवर ही विद्या उभी आहे, त्या शरीररचनाशास्त्राला सापडलेल्या नाहीत. इतिहास लिहिताना दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात.

पश्चिम बंगालने ॲक्युपंक्चरसाठी १९९६ मध्ये कायदा केला. केंद्र शासनाने या पद्धतीला २०१९ मध्ये मान्यता दिली. महाराष्ट्राचा, म्हणजे कोटणीसांच्या राज्याचा, कायदा २०१५ चा आहे : बसूंनी कलकत्त्यात पहिली सुई टोचल्यानंतर ५६ वर्षांनी झालेला.