इंदूरची तार

पानिपतचा अनर्थ १४ जानेवारी १७६१ रोजी घडला आणि त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना दहा दिवसांनी, माळव्यात भेलशाच्या मुक्कामी असताना मिळाली, ती दक्षिणेकडे निघालेल्या एका सावकारी काशिदाच्या थैलीतून. मोती, मोहरा आणि रुपये-खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेतले ते पत्र मराठी मुलाला शाळेतच ठाऊक होते. परंतु त्यातील दुःखाने आपले मन इतके व्यापून जाते की, एवढ्या मोठ्या दौलतीच्या जासुदांच्या आधी एका पेढीची डाक पोचली, या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. माळव्यातील दळणवळणाचा पुढचा इतिहास वाचू लागले म्हणजे मात्र तीच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते आणि डाकेपासून आजच्या ब्रॉडबँडपर्यंत साधने कितीही पालटली तरी वार्तेची वाट प्रथम बाजाराकडे आणि सर्वांत शेवटी रयतेकडे जाते, हे इंदूरच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसेल.

मराठी अमलात डाकेचा बंदोबस्त दोन प्रकारचा होता. एक सरकारी : जासूदजोड्या, सांडणीस्वार, हलकारे. जासूद जोडीने धावत, कारण वाटेत एकावर काही प्रसंग गुदरला तरी दुसऱ्याने लखोटा पुढे न्यावा अशी योजना होती. दुसरा सावकारी, ज्याला राजपुताना व माळवा या मुलखांत महाजनी डाक असे नाव होते आणि जो हुंडीच्या व्यवहारासाठी पेढ्यांनी आपल्या खर्चाने चालविला होता. या दोहोंची सांगड अहिल्याबाई होळकरांच्या कारभारात पडलेली दिसते. १७८३ साली महेश्वर ते पुणे या मार्गावरील डाक चालविण्याचे काम त्यांनी पदमसी नेनसी या पेढीकडे सोपविले. ज्या दरबाराचे वकील पुण्यात बसून रोजच्या घडामोडींची बातमीपत्रे लिहीत होते आणि ज्याच्या अनेक निर्णयांचा आधार ही बातमीपत्रेच होती, त्या दरबाराने आपल्या वार्तेची वाहतूक खासगी पेढीच्या हाती द्यावी, ही त्या काळाच्या दृष्टीने शहाणपणाची गोष्ट होती. सनद देणारा दरबार आणि सेवा देणारी पेढी हे आजच्या परवाना-पद्धतीतील नाते आपल्याकडे सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी महेश्वरच्या घाटावर ओळखीचे होते.

महिदपूरला इंग्रजांशी झालेल्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांची राजधानी इंदुरास आली, रेसिडेन्सीही आली, आणि तेथून या शहराच्या नशिबी दोन सत्तांचे शेजार आले. त्यात भर पडली अफूची. माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जाई; तिला ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखातून जाण्यासाठी १८३० नंतर पेटीमागे परवान्याची फी बसविण्यात आली, जी १८४३ साली २०० रुपये होती आणि १८४७ साली ४०० रुपयांवर गेली. इंदूर हे या व्यापाराचे मोठे ठाणे. येथे पेटीचे वजन होई, परवाना मिळे, आणि ज्या मालाचा भाव कलकत्त्याच्या लिलावावर आणि कँटनच्या मागणीवर ठरत होता त्या मालाच्या व्यापाऱ्याला दोन दिवस आधी मिळालेली खबर ही साऱ्या हंगामाच्या कमाईएवढी मोलाची होती.

अशा बाजारात तार आली. विल्यम ओशॉनेसी या वैद्यकाच्या प्राध्यापकाने १८५३ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून आग्र्याकडे तारेचे काम सुरू केले आणि पुढे आग्र्याहून मुंबईकडे जाणारी ओळ ग्वाल्हेर व इंदूर यांवरून नेली, कारण आग्रा-मुंबई रस्ता तोच होता. आजही इंदूरकर ज्याला एबी रोड म्हणतो तो हाच. युरोपातल्यासारखी बारीक तार येथील वादळांत, माकडांच्या झुंडींत आणि घारी-गिधाडांच्या भारात टिकणार नाही, हे ओळखून ओशॉनेसीने जाड लोखंडी सळईसारखी तार वापरली. देशकालाचा विचार करून परदेशी विद्या राबविण्याचे हे उदाहरण आपल्या अभियंत्यांनी विसरू नये. १८५५ च्या फेब्रुवारीत ही सेवा सर्वसामान्यांना खुली झाली तेव्हा चारशे मैलांपर्यंत १६ शब्दांच्या संदेशास १ रुपया पडे. मुंबई या चारशे मैलांच्या आत होती. पेढीवाल्याला एक रुपया म्हणजे काहीच नव्हते, आणि ज्याच्या शेतात ती अफू पिकत होती त्या कुणब्याला तो एक रुपया अनेक दिवसांच्या मजुरीएवढा होता. तारेच्या खांबाखाली उभा राहून शेतकरी आपल्याच मालाचा भाव दलालाच्या तोंडून ऐके. तो भाव खरा की खोटा, हे पारखण्याचे साधन त्याच्या डोक्यावरून जात होते, पण त्याच्या हाती नव्हते.

तार ही राज्याची शक्ती आहे, याचा प्रत्यय दोनच वर्षांत आला. १८५७ च्या मे महिन्यात उत्तरेकडील वार्ता मुंबईस पोचविण्यात इंदूरच्या ओळीचा वाटा मोठा होता. जूनच्या मध्यास ग्वाल्हेर उठले आणि आग्र्याकडचा मार्ग तुटला. १ जुलैच्या सकाळी सादत खान यांच्या नेतृत्वाखाली खुद्द इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला झाला आणि कर्नल ड्यूरँडला सीहोरच्या दिशेने निघून जावे लागले. तार कोणाच्या हाती आहे, यावर राज्य कोणाचे हे ठरू शकते, हा धडा इंग्रजांनी पक्का ध्यानात ठेवला. कंपनीला तारेचा अनन्य अधिकार देणारा कायदा १८५४ सालीच झाला होता. तोच अधिकार पुढच्या कायद्यांतून अधिक घट्ट होत गेला आणि १८८५ च्या भारतीय तार कायद्यात त्याला जे रूप मिळाले ते, दुरुस्त्यांसह, स्वतंत्र भारतातही सात दशकांहून अधिक काळ टिकले. तार उभारण्याचा हक्क फक्त सरकारचा, इतरांना तो सरकारच्या परवान्यानेच, आणि प्रसंगी संदेश अडविण्याचा व पाहण्याचा अधिकारही सरकारकडे, अशी त्याची तीन कलमे सांगता येतील. यांपैकी तिसऱ्या कलमाला सर्वोच्च न्यायालयाने दूरध्वनी चोरून ऐकण्याच्या प्रकरणी १९९६ च्या डिसेंबरात दिलेल्या निकालाने काही मर्यादा पडल्या. ज्या कायद्याचे मूळ परकीय सत्तेच्या भयात आहे, त्याला नागरिकाच्या हक्काचे भान यायला शंभराहून अधिक वर्षे लागावीत, ही गोष्ट मनाला लागते.

होळकरांच्या संस्थानात या अनन्य अधिकाराचा अर्थ रोज डोळ्यांना दिसे. टपाल संस्थानचे स्वतःचे होते. १८८६ साली दुसऱ्या तुकोजीराव महाराजांच्या मुखचित्राचे अर्ध्या आण्याचे तिकीट निघाले आणि संस्थानच्या हद्दीत पत्र पाठविण्यास ते चाले. पण तेच पत्र मुंबईस वा पुण्यास धाडायचे तर इंग्रजी टपालाचा आश्रय करावा लागे. शेजारच्या ग्वाल्हेर संस्थानाने इंग्रजांशी करार करून त्यांच्याच तिकिटांवर आपले नाव छापून घेतले होते, म्हणून शिंद्यांच्या तिकिटाला हद्द ओलांडता येई आणि होळकरांच्या तिकिटाला ती येत नसे. जोडणीच्या नियमांवर सामान्य माणसाचे किती अवलंबून असते, हे या दोन तिकिटांनी दाखविले. तारेच्या बाबतीत तर एवढेही स्वातंत्र्य नव्हते. ज्या तुकोजीरावांनी खांडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारास साडेचार टक्क्यांनी १०१ वर्षांच्या मुदतीचे एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्यांच्याच राजधानीत तार मात्र साम्राज्याची राहिली.

मधला काळ झपाट्याने ओलांडता येईल. अफूचा चीनचा व्यापार १९१३ साली बंद पडला आणि बाजार कापसाकडे वळला. सर सेठ हुकुमचंदांसारख्या धनिकांच्या तेजी-मंदीच्या व्यवहारांत तार आणि मग टेलिफोन यांना गादीइतकेच महत्त्व आले. १९५० साली संस्थानी टपाल केंद्रात विलीन झाले. १९५५ साली आकाशवाणीचे केंद्र इंदुरास सुरू झाले आणि माळव्याच्या खेड्याला शहराचा आवाज ऐकू येऊ लागला. गावाकडे वळलेली ती पहिली मोठी वाट होती, जरी ती एकाच दिशेने जात होती. ट्रंक कॉलसाठी ताटकळण्याचे दिवस आणि मग पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ ज्यांनी पाहिले त्यांना ते सांगण्याची जरूर नाही.

त्यानंतर आली ४ जून १९९८ ही तारीख, जिची नोंद इंदूरच्या इतिहासात ठळक अक्षरांनी व्हायला हवी. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने घरगुती टेलिफोनचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले, मंडळवार निविदा निघाल्या, आणि स्वतंत्र भारतातील पहिली खासगी तारजोड टेलिफोन सेवा त्या दिवशी भारती टेलेनेट या कंपनीने इंदूर शहरात सुरू केली. तारजोड टेलिफोनवरील सरकारचा मक्ता ज्या शहरात मोडला, ते शहर मुंबई, दिल्ली वा बंगळूर नव्हते, इंदूर होते. कंपनीला शहर निवडायचे होते तेव्हा तिने व्यापाऱ्यांचे शहर निवडले, यात नवल नाही.

या परवान्यांत एक अट होती, आणि या साऱ्या इतिहासाचे मर्म मला त्या अटीत दिसते. शहरातील नफ्याच्या जोडीला खेड्यांत सार्वजनिक टेलिफोन बसविण्याचे बंधन कंपन्यांवर घातलेले होते. पहिल्या फेरीतील खासगी कंपन्यांनी देशभर मिळून सुमारे ९८ हजार खेड्यांचे वचन दिले. प्रत्यक्षात त्यांतील फारच थोड्या खेड्यांत टेलिफोन वाजला. दंड भरणे खांब रोवण्यापेक्षा स्वस्त पडत होते. ज्याने यावर वचक ठेवायचा ते दूरसंचार नियामक प्राधिकरण नुकतेच, २० फेब्रुवारी १९९७ रोजी जन्मले होते आणि परवाना देणाऱ्या सरकारी खात्यापुढे त्याचे अधिकार किती, याचाच वाद न्यायालयात चालला होता. २००० साली कायदा दुरुस्त करून तंट्यांसाठी वेगळे न्यायाधिकरण नेमण्यात आले, तेव्हा कुठे हा कारभार मार्गी लागला. पुढे १ एप्रिल २००२ पासून सार्वत्रिक सेवेचा निधी अमलात आला : कंपन्यांच्या उत्पन्नातून ठरावीक टक्के घ्यायचे आणि ते ज्या खेड्यांत नफा नाही तेथील सेवेसाठी खर्च करायचे. अटीने जे साधले नाही ते पट्टीने साधावे, असा हा विचार होता, आणि तो योग्यच होता.

याच सुमारास इंदुराच्या उंबरठ्यावर, पवारांच्या धार जिल्ह्यात, एक निराळा प्रयोग चालला होता. १ जानेवारी २००० रोजी ज्ञानदूत नावाची योजना सुरू झाली. प्रथम २१ गावांत सूचनालये निघाली. बाजाराच्या रस्त्यालगत एक खोली, तीत एक संगणक, मोडेम, छपाईयंत्र आणि गावचाच एखादा शिकलेला तरुण, ज्याला सूचक म्हणत. पाच रुपयांत मंडीचे भाव, दहा रुपयांत तक्रार अर्ज, आणि जमिनीच्या खसऱ्याची नक्कल, जिच्यासाठी एरवी पटवाऱ्याकडे खेटे घालावे लागत. बागडी या गावच्या शेतकऱ्यांना स्थानिक व्यापारी बटाट्यास क्विंटलला ३०० रुपये देऊ करीत होता. त्यांनी सूचनालयात दूरच्या मंडीचा ४०० रुपयांचा भाव पाहिला आणि माल तिकडे धाडला. अफूच्या काळी खांबाखाली उभ्या राहिलेल्या कुणब्याच्या डोक्यावरून जी खबर जात होती, ती येथे प्रथमच कागदावर छापून त्याच्या हाती आली. योजनेला त्याच वर्षी स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला. मात्र वीज तासन् तास जाई, टेलिफोनची ओळ मधेच तुटे, आणि गरिबातला गरीब माणूस त्या खोलीपर्यंत कमीच येई. योजना ओसरली, त्याचा दोष सूचकांना देता येत नाही, कारण ज्या तारेवर ते विसंबले ती बोलण्यासाठी घातलेली होती आणि तीही धड नव्हती.

म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याचा राष्ट्रीय संकल्प झाला, ज्याला पुढे भारतनेट हे नाव मिळाले, तेव्हा त्याचा खर्च या सार्वत्रिक निधीतून व्हावा हे यथायोग्यच होते. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. २०२३ साली ती किमान मर्यादा २ एमबीपीएस झाली. २०१६ च्या फेब्रुवारीत प्राधिकरणाने मजकुरागणिक वेगळा दर आकारण्यास मनाई केली, म्हणजे गरिबाला इंटरनेटचा एखादाच कोपरा फुकट दाखवून बाकीचे दार बंद करण्याचा मार्ग त्याने अडविला. या निर्णयाचे मोल मी फार मोठे मानतो. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ च्या कायद्याची जागा घेतली आणि सार्वत्रिक निधीचे नाव डिजिटल भारत निधी झाले.

परंतु फायबर पंचायतीच्या कार्यालयात पोचले म्हणजे ते गावात पोचले, असे होत नाही. रस्ता रुंद करताना यंत्राने खणलेली चर ते कापते, उपकरणांच्या पेटीला वीज नसते, आणि कापलेली ओळ जोडण्यासाठी कोणाला बोलवायचे हे सरपंचाला ठाऊक नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित योजनेत पंचायती वर्तुळाकार ओळीने जोडण्याची, म्हणजे एका बाजूने तुटले तरी दुसऱ्या बाजूने चालू राहण्याची, आणि दहा वर्षे देखभालीची जबाबदारी उभारणाऱ्यावरच ठेवण्याची तरतूद आहे. जासुदांची जोडी ज्या विचाराने धाडत तोच हा विचार आहे. धार, झाबुआ आणि बडवानीच्या डोंगराळ पंचायतींत या देखभालीचा हिशेब दर महिन्यास ग्रामसभेपुढे वाचला जावा आणि ओळ किती दिवस बंद होती हे त्यात लिहिलेले असावे, एवढी मागणी तेथील रयतेने करायला हवी, आणि प्राधिकरणाने ती परवान्याच्या अटीत घालायला हवी.