भिंतीवर आलेला पत्रा

नाशिकला पुतण्याच्या नव्या घरी दिवाणखान्यात एक अमूर्त चित्र लावलेलं दिसलं. निळे-पिवळे डाग, चकचकीत. टिचकी मारली तर टण्ण वाजलं. ॲल्युमिनियमचा पत्रा! "काका, ओल्या फडक्यानं पुसता येतं," पुतण्या कौतुकानं म्हणाला.

धातूवर चित्र उतरवणं नाशिककरांना नवं नाही. त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमा काढण्याआधी चित्रांचे ब्लॉक करत. लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेससाठीही त्यांनी काम केलं. नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये १९५२ साली कबीर, मीरा, गालिब यांची टपाल तिकिटं फोटोग्राव्हूर पद्धतीनं छापली गेली, म्हणजे तांब्याच्या रुळावर चित्र कोरून. पण तेव्हा धातू छापखान्यातच राही. घरी यायचा तो कागद. आता पत्राच भिंतीवर आला. कागदावरची खास शाई सुमारे २०० अंशांपर्यंत तापवली, की तिची वाफ होऊन पत्र्यावरच्या लेपात मुरते.

रविवर्म्याची लक्ष्मी कागदावरही लक्ष्मीच राहिली. अमूर्त चित्राचं तसं नाही. नागपूरला १९२४ साली जन्मलेले वासुदेव गायतोंडे रूळ नि सुरीनं रंग चढवत, खरवडत, पुन्हा चढवत. ते थर म्हणजेच चित्र. गुळगुळीत पत्र्यावर त्यांचा फक्त फोटो उरतो.

"मग खरं कुठं बघायचं?" पुतण्यानं विचारलं. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहात गायतोंडे आहेत. पंचवटी एक्स्प्रेसची दोन तिकिटं मीच काढली.