पत्त्याच्या चार ओळी

दिघ्यात पत्ता सांगायचा तर चार ओळी लागतात. पहिलीत खोली आणि चाळ. दुसरीत पाडा किंवा नगर. तिसरीत 'पिठाच्या गिरणीमागे' किंवा 'पाण्याच्या टाकीजवळ' अशी खूण. आणि चौथीत दिघा, ठाणे-बेलापूर रोड. इलठणपाडा, गणपतीपाडा, विष्णुनगर अशा वस्त्या एकीकडे एमआयडीसीचे कारखाने आणि दुसरीकडे डोंगराचा उतार यांच्या मधोमध वाढत गेल्या. त्यांना आखीव गल्ल्या नाहीत, क्रमाने लावलेले घरनंबर नाहीत. 'खोली नंबर ७' प्रत्येक चाळीत असते. त्यामुळे पहिल्या ओळीवरून इथे कोणी सापडत नाही. आमच्याकडे माणूस खरा राहतो तो तिसऱ्या ओळीत.

ही गोष्ट मला २००४ च्या रमजानमध्ये समजली, आणि ती माझ्याच चुकीने. आमच्या वस्तीतली काही मंडळी दरवर्षी विधवा आणि निराधार घरांत शिधा पोहोचवत. यादी एका वहीत असे. मी तेव्हा नुकतंच व्हिज्युअल बेसिक शिकलो होतो आणि उत्साह अंगात मावत नव्हता. म्हटलं, वही कशाला, मी प्रोग्राम लिहून देतो. नाव, घरातली माणसं, पत्ता असे तीन रकाने आणि चिठ्ठी छापायचं एक बटन. एका मुलाने वहीतले पत्ते इंग्रजी लिपीत नोटपॅडवर उतरवून दिले होते, प्रत्येक पत्ता चार ओळींचा. मी तो उचलायचा आणि माझ्या चौकटीत चिकटवायचा. चौकटीत पहिली ओळ दिसायची. बाकीचं खाली असेल, दिसत नसेल एवढंच, असं मी गृहीत धरलं.

बाकीचं खाली नव्हतंच. विंडोजची एका ओळीची चौकट चिकटवलेल्या मजकुरातली पहिली ओळ ठेवते आणि उरलेलं सोडून देते. कसली सूचना नाही, आवाज नाही. चिठ्ठ्या छापल्या गेल्या आणि पोरं पिशव्या घेऊन निघाली. एका चाळीच्या नावाशी जुळणारी दुसरी चाळ पलीकडच्या पाड्यात होती, तिथल्या सात नंबरात पिशवी दिली गेली. ज्या खालांचं नाव यादीत होतं त्यांच्याकडे काही पोहोचलं नाही. त्या मागायला आल्या नाहीत. पिशवी आलीच नाही हे आम्हाला दहा-बारा रोजे उलटल्यावर कळलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून. मी माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला चहा पाजला. त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

घरी येऊन अब्बांना सगळं सांगितलं. अब्बा ठाण्याला कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसत. मराठी मशीन, अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं. कॉम्प्युटरशी त्यांचा कधी संबंध आला नाही. तरी ऐकून म्हणाले, "गाडी पीछे तो लाया, पर कागद ऊपर किया क्या?" तेव्हा मला वाटलं, अब्बांना माझी अडचण कळलेलीच नाही. पुढे या विषयाचा इतिहास वाचत गेलो तेव्हा लक्षात आलं, की माझ्या चौकटीचा उगम त्यांच्या या वाक्यातच होता.

टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते. टंकलेखक डाव्या बाजूचा दांडा ढकलतो आणि त्या एका हिसक्यात दोन कामं होतात. रूळ फिरून कागद एक ओळ वर सरकतो आणि गाडी पुन्हा सुरुवातीला येते. हात एक, कामं दोन, आणि ती वेगळीही करता येतात. अब्बा एखाद्या शब्दाखाली रेघ मारायची असली की कागद न हलवता फक्त गाडी मागे घेत आणि त्याच ओळीवर पुन्हा टाइप करत. 'शपथेवर कथन करतो' ही ओळ ठळक दिसायला हवी असली तरी हीच युक्ती.

तारेने मजकूर पाठवायची यंत्रं आली तेव्हा ही दोन कामं दोन वेगळ्या खुणांत वाटली गेली. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डोनाल्ड मरे यांनी १९०१ च्या सुमारास जी तारसंकेतावली तयार केली, तिच्यात 'गाडी मागे' आणि 'कागद वर' अशा दोन खुणा होत्या. १९६३ मध्ये अमेरिकेत आस्की ही संकेतावली ठरली, तिच्यात त्यांना १३ आणि १० हे क्रमांक मिळाले. त्या काळातलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरं छापत असे. छपाईचा भाग उजव्या टोकापासून सुरुवातीला यायला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागायचा. म्हणून आधी 'गाडी मागे' पाठवायची, मग 'कागद वर', आणि तेवढ्या अवधीत यंत्र जागेवर येई. आज आपण फोनवर बोट टेकवून ओळ बदलतो, त्यामागे एका लोखंडी सांगाड्याला श्वास घ्यायला दिलेली ही दोन दशांश सेकंदं आहेत.

यंत्रं गेली, खुणा राहिल्या. आणि वारसदारांत वाटणी झाली, जशी आपल्याकडे जमिनीची होते. युनिक्स घराण्याने एकटा १० ठेवला. ॲपलच्या जुन्या मॅकिंटॉशने एकटा १३ ठेवला. डॉस आणि त्यानंतर विंडोजने दोन्ही ठेवले, १३ आधी, १० नंतर. म्हणून एका कॉम्प्युटरवर चार ओळींत लिहिलेला मजकूर दुसऱ्यावर एका लांबलचक ओळीत पसरायचा, नाहीतर ओळीच्या जागी काळे ठोकळे दिसायचे. विंडोजच्या नोटपॅडला एकट्या १० ची ओळ ओळखता येऊ लागली ती २०१८ मध्ये. म्हणजे साध्या समजुतीला कित्येक दशकं लागली.

भारतीय भाषांसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं आणि १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेलं जिस्ट तंत्रज्ञान, आणि १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून आलेली इस्की संकेतावली, यांनी मराठीला कॉम्प्युटरवर जागा दिली. इस्कीने पहिली १२८ घरं आस्कीसारखीच ठेवली. त्यामुळे क, ख, ग यांना आपले आकडे मिळाले, पण मराठीची नवी ओळही त्याच टेलिटाइपच्या १३ आणि १० ने सुरू होत राहिली.

इथे एक आडवळण घेतो, कारण ते आपल्या लोकांना सहसा कुणी सांगत नाही. गोदरेजने १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला सुरुवात केली. २०११ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी आली, की त्यांनी उत्पादन थांबवलं आहे आणि आता थोडीच मशीनं उरली आहेत. त्या उरलेल्यांत बहुतेक अरबी होती. म्हणजे ज्या महाराष्ट्रात अब्बा मराठी मशीनवर अर्ज टाइप करत होते, तिथल्याच कंपनीकडे अखेरीस अरबी यंत्रं शिल्लक होती. अरबी यंत्राची गाडी उलट दिशेने चालते, ओळ उजवीकडून सुरू होते, आणि 'मागे येणं' म्हणजे उजव्या कडेला येणं. पण कागद मात्र वरच सरकतो. दोन खुणांपैकी एकीची दिशा भाषेप्रमाणे बदलते, दुसरीची बदलत नाही.

दोन दिशांच्या लिप्या एका कागदावर नांदणं दख्खनला नवं नाही. आदिलशाहीतले कित्येक कागद द्विभाषिक आहेत. वर फारसी मजकूर, खाली मोडीत मराठी. वरची ओळ उजव्या कडेपासून निघते, खालची डाव्या कडेपासून. कारकुनाला त्यात काही अवघड वाटत नसावं, कारण ओळींची सोय त्याने आधीच केलेली असे. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवत जातो. फारसी-उर्दूचे कातिब मिस्तर वापरत. पुठ्ठ्यावर समांतर दोरे ताणून बसवलेले असत, त्यावर कागद ठेवून हात फिरवला की दोऱ्यांचे वळ उमटत. शाई लागायच्या आधी पानावर किती ओळी मावणार हे ठरलेलं असे.

माझ्या चौकटीचंही तेच होतं. व्हिज्युअल बेसिकच्या टेक्स्टबॉक्सला 'मल्टिलाइन' नावाचा एक गुण असतो. तो मुळात 'फॉल्स' असतो, म्हणजे काही न सांगितल्यास चौकट एकाच ओळीची. तो 'ट्रू' केला की चौकट अनेक ओळी घेते आणि दाखवते. मजकूर प्रोग्रामनेच जोडायचा असेल तर दोन ओळींच्या मध्ये १३ आणि १० ही जोडी घालायची, तिला तिथे 'व्हीबी-सीआर-एलएफ' असं नाव आहे. सरकपट्टीचा गुण वेगळा द्यायचा, नाहीतर लांब मजकुराचा शेवट दिसत नाही. मला महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. हा मल्टिलाइन गुण प्रोग्राम चालू असताना बदलता येत नाही. तो चौकट आखतानाच द्यावा लागतो. चालवणाऱ्याने कितीही एन्टर दाबला तरी उपयोग नाही. मिस्तरचे दोरे आधीच ताणलेले असतात, आणि त्या दिवशी ते मी ताणले होते. वहीत चार ओळी लिहिणाऱ्या माणसाला मी न विचारता एकच ओळ दिली.

मी चौकट दुरुस्त केली, सगळे पत्ते पुन्हा भरले, या वेळी वहीशी ताडून. पुढच्या वर्षी पिशव्या नीट गेल्या. पण तेव्हापासून कुठलाही फॉर्म समोर आला की माझी नजर आधी पत्त्याच्या चौकटीवर जाते, ती किती ओळींची आहे हे बघायला.

आणि बघण्यासारखं पुष्कळ असतं. वेबपानावर दोन तऱ्हेच्या चौकटी असतात. एक अनेक ओळींची, एक एकाच ओळीची. एका ओळीच्या चौकटीने ओळतोड गाळून टाकायची, असा तिचा नियमच आहे. साइटने तुमचा जुना चार ओळींचा पत्ता तिच्यात भरला, की एका ओळीचा शेवटचा शब्द आणि पुढच्या ओळीचा पहिला शब्द एकमेकांना चिकटतात. त्याहून वाईट म्हणजे एन्टर. टाइपिंग शिकलेल्या माणसाचं बोट ओळ संपली की आपोआप एन्टरवर जातं. एका ओळीच्या चौकटीत बऱ्याचदा त्याचा अर्थ 'फॉर्म पाठव' असा होतो. नाव आणि खोली लिहून झाली, एन्टर दाबला, की अर्धवट अर्ज निघाला.

अक्षरमर्यादा हा वेगळाच छळ. 'पत्ता' हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो. कॉम्प्युटर मोजतो पाच: प, त, हलन्त, त, काना. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून घातलेली मर्यादा मराठीत निम्म्यावर संपते आणि तोडणारी कात्री कधीकधी जोडाक्षराच्या मध्ये चालते, मागे पाय मोडलेलं अक्षर ठेवून. उंचीचंही तसंच. आपल्या लिपीत वर रफार आणि मात्रा, खाली उकार आणि ऋकार. रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेल्या ओळीत वरचे उकार आणि खालचे रफार एकमेकांवर चढतात. उर्दू नस्तालीक तर ओळीत तिरकी उतरत येते, तिला आणखी उंची लागते. मुंबईच्या उर्दू वर्तमानपत्रांत कातिबांचे हात बराच काळ टिकले, त्याचं एक कारण हे होतं. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांचं नूरी नस्तालीक आणि १९९४ मध्ये दिल्लीत बनलेलं इनपेज आल्यावर ते हात थांबले. आजही मिश्र मजकुरात, उर्दू ओळीत खोलीचा आकडा आणि एखादा इंग्रजी शब्द आला, की ओळ कुठे मोडते त्यानुसार शब्दांच्या जागा बदलतात. वाचणाऱ्याला कळतं, पोस्टमनला कळेलच असं नाही.

हे सगळं बारीकसारीक वाटेल. दिघ्यात ते बारीक राहिलं नाही. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने इथल्या ९९ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. आमच्या यादीतल्या काही घरांनी चाळीतली खोली विकून, गावची जमीन विकून अशा इमारतींत फ्लॅट घेतले होते. बांधणारा निघून गेला होता, राहणारा कागद गोळा करत होता. प्रत्येक कागदावरचा पत्ता दुसऱ्याशी जुळावा लागतो. एकावर चारही ओळी, एकावर पाडा गायब, एकावर इमारतीचं नाव आणि विंगचं अक्षर चिकटून नवाच शब्द झालेला. मी त्या दिवसांत संध्याकाळी लोकांचे अर्ज भरून द्यायला बसायचो. "भाईजान, पत्ता तर तोच आहे," असं एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होत्या. त्यांचं बरोबर होतं. पत्ता तोच होता, फक्त प्रत्येक ठिकाणी चौकट वेगळी होती.

वही अजून चालू आहे आणि माझा प्रोग्रामही, एका जुन्या कॉम्प्युटरवर. गेल्या रमजानच्या आधी यादी तपासायला बसलो. ज्यांच्याकडे पहिल्या वर्षी पिशवी पोहोचली नव्हती, त्या खाला आता नाहीत. त्यांची सून त्याच खोलीत राहते, तिचं नाव घातलं. १२ जानेवारी २०२४ ला ठाणे आणि ऐरोलीच्या मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झालं, म्हणून ती म्हणाली, चौथ्या ओळीत 'स्टेशनजवळ' लिहा. लिहिलं. तिसऱ्या ओळीतली पिठाची गिरणी बंद होऊन बरीच वर्षं झाली, ती खोडू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, "राहू द्या, सगळे त्यावरूनच येतात."